गोजराचं नाव

खारघर,
१९ जानेवारी २०२५

ती. बाळाबाई आत्यास,
नमिताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, आणि जे विचारायचंय ते ओरडून विचारण्यासारखं नाही. इकडे सगळं ठीक. मला सातवा लागला, पाय सुजतात, केयूर रोज सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारायला लावतो. तू पाठवलेली सुकी मासळी, वाकट्या, मिळाली. डबा बाल्कनीत ठेवलाय, अजून उघडला नाही.

काल नणंद आली म्हणून लग्नाचा व्हिडिओ लावला होता. कामोठ्याचा हॉल, माझी हळद, आणि तू धवला गातेयस. गावदेवीचं नाव झालं, मग गेलेल्यांपैकी आजोबांचं झालं, दादांचं झालं. मग आईची पाळी. तू माझ्याकडे बघितलंस, तोंडाला पदर लावलास आणि उठून गेलीस. तेव्हा मला वाटलं खोकला आला. काल तीनदा मागे नेऊन बघितलं. आत्या, तो खोकला नव्हता गं.

लग्नाआधी मी बजावलं होतं खरं, की दहा मिनिटांत आटप, विहिणीला चिडवायची गाणी नकोत, माणसं देशावरची आहेत, जरा सांभाळून घे. पण आईला बोलावू नकोस असं कुठे म्हटलं होतं? धवलारणीने नाव घेतल्याशिवाय गेलेलं माणूस मांडवात येत नाही, हे तूच शिकवलंस. केयूरच्या घरीही मी ते हौसेने समजावून सांगितलं होतं. मग नेमकं आईचंच नाव का गिळलंस?

लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
नमिता


न्हावा शेवा,
२८ जानेवारी

चि. नमितास आत्याचे अनेक आशीर्वाद.

माजी शाला चौथीपरत, तवा चुका पोटात घाल. वाकट्यांचा डबा उघड गो, बुरशी धरेल.

तू विचारलंस ते बरं केलंस. तुजी आय गोजरा गेली तवाच मी तिचा धवला बांधून ठेवला होता. पंधरा वर्सं जपला. त्यात ती मिठागरावरून धावत येते, लुगडं खोचलेलं, पायाला मीठ नि चिखल, आनि म्हनते माज्या पोरीला पयली हलद मीच लावनार. त्या दिवशी तो तोंडाशी आला. समोर तुजी सासू बसलेली, एवढी नीट आईकत होती. मला वाटलं, मीठ नि चिखल आईकून माज्या पोरीची मान खाली जाईल. तू सांगितलं नव्हतंस. मीच जास्त शहानी झाली. कोनी काय बोलायच्या आधीच मी माजं तोंड बांधलं.

आता पुडचं आईक. दिवालीनंतर शेजारच्या अंकुशच्या पोरीचं, ईश्वरीचं लगीन होतं. मी गायला बसली, आनि माज्या तोंडून गोजराचं नाव निघालं. परक्या मांडवात मी मेलेल्या बाईला हाक मारली! नवरीची आय जिती, समोर उभी. ती रडायला लागली, अंकुशने मला दंडाला धरून उठवलं. त्याचं काय चुकलं? तवापासून मला कोन बोलवत नाय, नि मी पन जात नाय.

गोजरा तुज्या हलदीला दाराबाहेरच ऱ्हायली. त्याला कारन मी.

माया हाय तशी ठेव.
तुजी आत्या


खारघर,
५ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाथरूमचं दार लावून वाचलं. तुझी काही चूक नाही. मी पहिल्या पत्रातही तुझ्याशी खोटंच बोलले.

केयूरच्या आईने पहिल्या भेटीत विचारलं होतं, माझी आई काय करायची म्हणून. मी सांगितलं, पंचायतीच्या ऑफिसात कारकून होती. का सांगितलं, देव जाणे! एकदा निघालं ते परत घेता आलं नाही. त्यामुळे तू पदर लावून उठलीस ना, तेव्हा मला हायसं वाटलं. हो, हायसं. खोकला आलाय असं मला क्षणभरही वाटलं नव्हतं. तू माझा चेहरा वाचूनच गप्प झालीस, आणि त्यापायी तुझं गाणं सुटलं. मला स्वतःची इतकी लाज वाटतेय की जेवण जात नाही.

तेवीस तारखेला ओटीभरण आहे. त्या दिवशी येऊन तो धवला गाशील का? माझ्यासाठी नको, आईसाठी.

रागाव, पण टाकू नकोस.
तुझी,
नमिता


न्हावा शेवा,
१२ फेब्रुवारी

चि. नमितास आशीर्वाद.

पोटुशी बाय जेवत नाय म्हंजे काय? आधी जेव.

तो धवला आता तुज्यासाठी गाता येनार नाय गो. तो हलदीचा हाय, नि हलद एकदाच लागते. पन तो शिकवता येतो. तू शीक, तुज्या लेकराच्या हलदीला आजीला बोलव. मी काय तवर पुरनार नाय. माजी अट एकच. दार लावून शिकवनार नाय, तुज्या सासूच्या समोर शिकवीन. तवा आधी घरात सांग, तुजी आय कोन होती.

सांगशील तर येते.
तुजी आत्या


खारघर,
१६ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

सांगितलं. आज दुपारी, सगळे जेवायला बसले असताना. मिठागर, चिखल, सगळं. सासूबाई ताटावरून उठून आत गेल्या. मला वाटलं, झालं, संपलं आता.

त्या बाहेर आल्या त्या हातात साडी घेऊन. पिशवीतून न काढलेली, हळदकुंकवाची पुडी वर तशीच. म्हणाल्या, मी धवल्याचं समजावलं होतं म्हणून त्यांनी ही विहीणबाईंसाठी घेतली होती, नाव घेतलं की पाटावर ठेवायला. सगळी हळद साडी मांडीवर घेऊन त्या वाट बघत बसल्या होत्या. नाव आलंच नाही. आपण विचारलं तर आम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिल्या आणि साडी परत घरी आणली.

साडी फिक्या राखाडी रंगाची आहे, बारीक काठाची. ऑफिसात जाणाऱ्या बाईला शोभेल अशी बघून घेतली होती, असं म्हणाल्या.

आई असली साडी कधी नेसली असती का गं? मी मघापासून ती मांडीवर घेऊन बसलेय. डबा उघडलाय. रविवारी नक्की ये.

तुझी,
गोजराची नमिता