कुजबुजत म्हटलेली गाणी

२५ डिसेंबर, अमरावती

वर भाड्यानं राहणाऱ्या कोरियन मिशनरी कुटुंबाला सकाळी मीच बजावलं, "गाणी हळू म्हणा, गल्लीतले लोक नावं ठेवतात." खरं तर कोणीच काही बोललं नव्हतं. मग काहून बोलली मी?

संध्याकाळी त्यांची पोरगी केक देऊन गेली. रिकामी ताटली कशी परत करायची, म्हणून तिच्यात संत्री घेऊन वर गेले. खिडक्या गच्च बंद, आणि चौघं जवळजवळ बसून कुजबुजत गात होती. कुजबुजत! गणपतीत आमचा भोंगा दहा दिवस त्यांच्या खिडकीखाली वाजला, तेव्हा त्यांनी ब्र काढला नव्हता.

"काकू, खाली तुमाले ऐकू येते का?" पोरीनं विचारलं.

"मोठ्यानं गा," असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "नाही बाई."

ती खूश झाली आणि आईला सांगायला धावली.