चिंधा नानाची मूठ

जळगाव,
श्रावण तोंडावर आलेला गुरुवार

तीर्थरूप मोठी आई,

भूपेंद्रचा दंडवत. पत्रातूनच पाया पडतो आहे, म्हणजे दर खेपेसारखा वाकताना तुझ्या हातातला चहा सांडणार नाही, एवढा तरी फायदा. डोळ्याची पट्टी निघाली का? थेंब घालतेस ना? आबांचा गुडघा काय म्हणतो? म्हैस व्यायली का? (मागच्या पत्रातही मी म्हशीचंच विचारलं होतं आणि म्हैस केव्हाच विकली असं उत्तर आलं होतं. तरी हात आपोआप लिहून जातो.) हे पत्र कामिनी वहिनी तुला वाचून दाखवणार, म्हणून त्यांना एक विनंती, कंसातलं मोठ्याने वाचू नये. माझ्या डोक्यात एक गोष्ट चालू असताना दुसरी मध्येच घुसते, तिला बसायला कंस लागतो.

तर सुरुवात प्रेमराजपासून. डिंपलचा हा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, धुळ्याहून आला होता आणि त्याला बसस्टँडवरून आणायला मला पाठवलं होतं. वाटेत एका बंगल्यापुढे दोन माणसं बागेत ठिबकच्या नळ्या अंथरत होती, तीही उलट्या उताराने. आता जन्मभर शेतकऱ्यांच्या वावरात ठिबकचे नकाशे काढणाऱ्या माणसाने तिथून डोळे मिटून जायचं का? मी थांबलो. बोललो. मग त्यांच्या हातातून नळी घेतली. घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता आणि मी डिंपलला विचारलं, प्रेमराज कधी येणार? प्रेमराज रिक्षाने येऊन, जेवून, झोप काढून परत धुळ्याला गेला होता. डिंपल ओरडली नाही. (ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडणं कळतं, गप्प बसणं कळत नाही.) ती एवढंच म्हणाली, तुम्ही वाईट नाही, मीपण वाईट नाही, पण काहीतरी आहे, ते काय आहे ते कुणाला तरी विचारून या.

म्हणून मी सदफ मॅडमकडे जायला लागलो. त्या मनाच्या डॉक्टर. त्यांचे वडील जहांगीरचाचा यांचं खाली गादी-रजईचं दुकान आणि वर मॅडमची खोली. वर जायचा जिना दुकानातूनच जातो, त्यामुळे ओळखीचं कुणी दिसलं की मी पटकन गादी दाबून बघतो आणि अब्रू जाऊ नये म्हणून अधूनमधून एखादी विकतही घेतो. आज आमच्या घरात माणसांपेक्षा गाद्या जास्त आहेत. चाचांना सगळं कळतं. पिंजायचं यंत्र सुरू झालं की माझे हात कानांवर जातात हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं आणि नवीन कापसाचे दोन बोळे माझ्या हातात ठेवले. तेव्हापासून ते बोळे माझ्या खिशात असतात.

मॅडमनी बरेच दिवस नुसतं विचारलं. बँड वाजला की काय होतं, शर्टाचं लेबल मानेला लागलं की काय होतं, लोकांच्या डोळ्यात बघताना काय होतं. मी एकेक सांगायचो आणि त्या मान हलवायच्या. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मला "असं कसं?" म्हणालं नाही. मग म्हणाल्या, तुम्ही लहानपणी कसे होता हे घरातल्या मोठ्या माणसाकडून ऐकायचंय. तोच तो फोन, मोठी आई. तुला वाटलं असेल, हा एवढ्या उलटतपासण्या का घेतोय.

आता तू जे सांगितलंस तेच तुला परत सांगतो, कारण ते मॅडमच्या खोलीत कसं ऐकू आलं हे तुला माहीत नाही. फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता. आवाजाचा त्रास व्हायचा का, तर तू म्हणालीस, हो, वाजंत्री आली की तो मातीच्या कोठीत उतरून बसे आणि वरून झाकण ओढून घेई. खाण्याचं काही वेगळं होतं का? हो, भाजीला लागलेली भाकरी तो खात नसे. भांडी? सगळ्या तांब्यांची तोंडं एका बाजूला. मी प्रत्येकाला होकार देत होतो, कारण हे सगळं माझंच होतं. मग मॅडमनी सहज विचारलं, हे कितव्या वर्षीचं? आणि तू म्हणालीस, "त्यानं लगीन ठरनं तव्हयनं!"

लग्न ठरलं तेव्हाचं? मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणालो, मोठी आई, तू कुणाचं सांगते आहेस? तू म्हणालीस, "चिंधानं." मी म्हणालो, आणि माझं? तू हसलीस. "तुनं नि त्यानं येगळं काय शे?"

यात तुझी चूक काढत नाही. मॅडमना मात्र सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. चिंधा नाना म्हणजे आबांचे आणि माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, माझे काका, त्यांच्या लगेच आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून मरणाची नजर लागू नये असं चिंधीवरून नाव ठेवलेले, मी जन्मायच्या आदल्या वर्षी घरातून निघून गेलेले. मी तीन वर्षांचा झालो आणि तांब्यांची तोंडं फिरवायला लागलो तशी सगळ्या भडगावाने खूण ओळखली, चिंधा परत आला. तेव्हापासून मी घरात चिंधा. भूपेंद्र हे नाव शाळेपुरतं. लंगोटातल्या पोराला म्हातारी माणसं "नाना" म्हणायची. शेजारचा वना आबा तर सोंगट्यांचा पट घेऊन यायचा, "आपला डाव राही गया ना रे भो!" म्हणून मला खेळायला बसवायचा, आणि मी जिंकायचो. (तो मुद्दाम हरायचा हे मला आत्ता आत्ता कळलं.) जळगावात कुणी मराठीत नाव विचारलं तर मी भूपेंद्र सांगतो, पण अहिराणीत विचारलं की अजूनही तोंडातून चिंधाच निघतं.

मॅडम म्हणाल्या, पण कोठीत बसणारे तुम्हीच ना? मी म्हणालो, अर्थात. आत कसा गारवा असायचा, गव्हाची धूळ नाकात जायची, बाहेर ढोल आणि आत फक्त आपला श्वास, सगळं मला लख्ख आठवतं. भिंतीला आतून बोटांच्या रेघा होत्या, त्यावरून मी बोटं फिरवायचो. तू फोनवरच होतीस. तू म्हणालीस, "आरे, ती कोठी ते आजानी फोडी टाकी व्हती. तू जलमना बी नव्हता."

खाली पिंजायचं यंत्र बंद पडलं होतं.  ज्या कोठीतल्या रेघा माझ्या बोटांना आठवतात ती मी कधी पाहिलीच नव्हती. मॅडमनी समजावलं, की एकच गोष्ट लहान मुलाला रोज त्याची म्हणून सांगितली की ती त्याला आठवायला लागते. पटलं मला. पण रेघांचं तर मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं का, मोठी आई? त्या रेघा तुला तरी ठाऊक होत्या का?

पुढे मॅडमनी निदान सांगितलं. ऑटिझम आणि एडीएचडी, दोन्ही जोडीने. (म्हणजे इथेही मला एकट्याला जागा नाही.) हा रोग नाही, मेंदूची ठेवणच अशी असते, आणि नाकासारखी ती घराण्यात उतरू शकते. काका तुमच्यात आलेले नाहीत, म्हणाल्या, काका तुमच्यासारखे होते. मी जिना उतरलो आणि गाद्यांच्या गंजीवर बसून रडलो. चाचांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, कापूस उडाला डोळ्यात. सुटल्यासारखं वाटत होतं आणि रागही येत होता. चिंधा नानाची भाकरी, त्याची कोठी, त्याचा डाव सगळ्यांना तोंडपाठ आहे. भूपेंद्र लहानपणी कसा होता हे मात्र जगात कुणालाच माहीत नाही.

आणि मग मुक्ताईनगर. एका वावराचं माप घ्यायला गेलो होतो, काम आटोपलं, म्हटलं मुक्ताईचं दर्शन घेऊ. चपला काढायला गेलो आणि पाय जागीच थबकले. तू ओळखतेस मला, देवळाबाहेर चपलांचा ढीग दिसला की तो लावल्याशिवाय मला आत जाता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिथे लावायला काही नव्हतं. सगळ्या चपला नदीकडे तोंड करून रांगेत, आणि रांग लहान-मोठ्याची नाही, टाचा किती झिजल्या त्याची. मी अशीच लावतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, डिंपललासुद्धा नाही. भरदुपारची वेळ, आजूबाजूला माणसं, आणि मला वाटलं की मी इथे आधीच येऊन गेलो आहे.

फुलवालीला विचारलं तर म्हणाली, एक म्हातारबा लावतो, बोलत नाही कुणाशी. तेवढ्यात रस्त्याने कुणाची तरी वरात आली. बँड दणाणला आणि माझे हात वर गेले, अंगठे कानात, करंगळ्या मिटलेल्या डोळ्यांवर. तसाच चाचपडत मी पाण्याच्या टाकीमागे गेलो. डोळे किलकिले केले तर शेजारी एक माणूस, अंगठे कानात, करंगळ्या डोळ्यांवर. नाक आबांचं. मी खिशातून बोळे काढले, एक त्याला दिला, एक मी घातला. वरात जाईपर्यंत आम्ही एकेक कान दाबून बसलो. मग त्याने विचारलं, "कोन शे रे तू?" मुक्ताईनगरात आपल्या भडगावाची बोली! आणि सवयीने मी म्हणालो, "चिंधा."

त्याने कानातला बोळा काढला. मग म्हणाला, "मंग मी कोन शे?"

 त्याने थोडं थोडं सांगितलं. अंगातलं काढायला भगत आणला होता, त्याने मारलं, आणि लपायला जागा राहू नये म्हणून आजोबांनी कोठी फोडली, तेव्हा तो गेला. पण एकदा परत आला होता. श्रावणातल्या कानबाईच्या सणाचा, रोटांच्या नैवेद्याचा दिवस होता. दारात उभा राहिला तेव्हा तू घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने रोटांसाठी सव्वा मूठ गहू काढत होतीस. आबांची मूठ, माझ्या वडिलांची मूठ. मग तू म्हणालीस, "हाई चिंधानी," आणि एक लहान पोरगा ती आपलीच म्हणून ओरडला, "मनी!" बाहेर वाजंत्री वाजली तशी तू मूठ टाकून त्या पोराचे कान तळहातांनी झाकलेस. तो म्हणाला, त्या चिंधाला कुणी मारत नव्हतं. ते बघून त्याला बरं वाटलं. "चिंधा ते घरमाच व्हता. मंग मी कोठे जाऊ?" आणि तो पाऊल न वाजवता परत फिरला.

उठताना त्याने विचारलं, "वना शे का आजून? डाव राही गया." तो डाव मी पाच वर्षांचा असतानाच जिंकून बसलोय, हे सांगायचा मला धीर झाला नाही. तो उठून गेला. मी जळगावला आलो. एवढंच घडलं. बाकी सर्व क्षेम. आबांना दंडवत, म्हशीला चारा.

तुझा,
भूपेंद्र

ता. क. तो उठून गेला असं वर लिहिलं आहे, ते खरंच आहे. कुठे गेला ते लिहायचं राहिलं. तो माझ्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. आज चार दिवस आमच्याकडे आहे. एवढ्या गाद्या कशाला घेतल्या होत्या ते आता कळतंय. सकाळी सगळ्या कपांचे कान खिडकीकडे वळलेले दिसले तेव्हा डिंपलने झोपेतून उठवून मला झापलं, आणि मी काहीच केलं नव्हतं. पण त्यापेक्षा हे ऐक. काल मी त्याला विचारलं, कोठीच्या आत काय होतं? तो भिंतीवर बोटं फिरवायला लागला.

ता. ता. क. खरं तर पत्र याच्यासाठी लिहिलं. यंदा रोटांना आम्ही दोघं येतो. चिंधाच्या नावाची मूठ काढशील ती त्याची. त्यानंतर एक मूठ माझ्या नावाची काढ. मला आजवर माझी मूठ मिळालेली नाही. वाजंत्री दारापासून जरा लांब थांबली तर बरं, नाही थांबली तरी कापूस भरपूर आहे. आम्ही दारात उभे राहिलो की तू आधी "चिंधा" म्हणून हाक मार. मी ओ देणार नाही, जीभ दाताखाली धरून उभा राहीन. तो ओ देईल. तो उंबरा ओलांडून आत आला की मग मला हाक मार. (माझं नाव भूपेंद्र. कामिनी वहिनी, एवढा कंस मात्र मोठ्याने वाचा.)