पुतळ्याचं नाक

शनिवार, ७ सप्टेंबर

सतरा माणसं आणि एक छत्री. ऊन नाही, पाऊस नाही, तरी छत्री! मिटलेली, डोक्यावर उंच धरलेली. ती जिकडे जाईल तिकडे सगळे. मेंढरं बरी — ती मध्येच थांबून चरतात तरी.

हेरिटेज वॉक म्हणे. चालणं म्हणा की सरळ. एकोणीस वर्षं मी ह्याच कॉलेजच्या इमारतींतून झाडू घेऊन चालतेय, त्याला कोणी नाव ठेवलं नाही. आता नवा हुकूम — किल्ल्या माझ्याकडे, तर दर शनिवारी मीही मागून चालायचं. कुलूप उघडायचं, सतरा आत, सतरा बाहेर, कुलूप लावायचं.

छत्रीवाली इथं इतिहास शिकवते. वय माझ्या निम्मं. तोंडानं "मावशी, मावशी" करते आणि बघते माझ्या डोक्यावरून पलीकडे. आज घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभी राहून आवाज बारीक करून म्हणाली, "संस्थापकांनी प्राण सोडले, त्याच क्षणी हे घड्याळ थांबलं." सगळे हळहळले. एका बाईनं तर डोळे पुसले.

अगं बाई! चावी देणारा म्हातारा निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कोणाला घेतलंच नाही, म्हणून थांबलं ते. मी होते तिथं. मग कबुतरं शिरली आत. प्राण कसले सोडतेस!

एक पाहुणा माझ्या बादलीचा फोटो काढत होता. मला म्हणाला, "तुम्ही जरा बाजूला व्हा." बादली हवी, बाई नको.

(डायरी साहेबांच्या कपाटातली आहे, गेल्या वर्षाची. फेकत होते. वार चुकीचे छापलेत, ते मी खोडून लिहिते. चौथीपर्यंत शिकले, तेवढं जमतं.)

रविवार, ८ सप्टेंबर

आईचे गुडघे. दोन वेळा शेक. वॉक नाही — सुटले.

शनिवार, १४ सप्टेंबर

आज बावीस. दोघांनी वाचनालयाचा जिना वाजवून बघितला, खरं लाकूड आहे का म्हणून. छत्रीवाली म्हणे, "एकही पायरी बदललेली नाही." तिसरी पायरी गेल्या वर्षी सुतारानं नवी बसवली. ती उचलून आणताना माझाच अंगठा चेचला. दाखवू का अंगठा?

पण आजची कमाल पुढेच. मोठ्या हॉलच्या दारात संस्थापकांचा पुतळा आहे, छातीपर्यंतचा. ब्राँझचा, म्हणून सगळा गडद, जवळजवळ काळा. फक्त नाक पिवळं चकचकीत. छत्रीवाली म्हणाली, "शंभर वर्षांची परंपरा! परीक्षेला जाताना विद्यार्थी ह्या नाकाला हात लावतात. लाखो बोटांनी ही चमक आणली आहे." झालं. बावीसच्या बावीस रांगेत. पन्नाशीचे बाप्ये! तुम्हाला आता कसली परीक्षा द्यायचीय?

आणि बोटांचे डाग पुसायचे कोणी? मी.

बरं, लाखो बोटांनी नाक चमकलं, मानलं. मग डावा कान? तोही चमकतो — पुढून नाही, मागून. रोज कोरडं फडकं मी फिरवते, मला विचारा. नाकाला लावायचा हात कानामागे कशाला जाईल? संस्थापकांचे कान पिळायला?

घरी येऊन आईला सगळं साभिनय करून दाखवलं. तिनं तिथंच तीस वर्षं झाडलंय, तिच्या जागेवरच मी लागले. वाटलं, पोट धरून हसेल. हसली नाही. म्हणाली, "पाणी दे." आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

सोमवार, १६ सप्टेंबर

पुतळ्याचा डॉक्टर आलाय. खरंच! जुने पुतळे दुरुस्त करणारा. डोळ्याला भिंग लावून अर्धा तास नाक बघत होता. माणसाच्या नाकाकडे इतकं कोणी बघत नाही. मग साहेबांना म्हणाला, "हे बोटांचं काम नाही. कोणीतरी भुकटीनं घासलंय. नाकावर आणि कानामागे वरचा थर पार गेलाय."

मनात म्हटलं, घ्या! निघाली परंपरा.

मग साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "पुतळा तूच पुसतेस ना?"

मंगळवार, १७ सप्टेंबर

कारणे दाखवा नोटीस. सात दिवसांत लेखी खुलासा. "ऐतिहासिक वास्तूची हानी" असं लिहिलंय. दोनदा वाचलं. वास्तू म्हणजे नाक.

एकतीस किल्ल्यांचा जुडगा काढून घेतला. निकाल लागेपर्यंत वसतिगृहाच्या मोऱ्या. आणि निकाल माझ्याविरुद्ध गेला तर कायमच्याच मोऱ्या, सेवापुस्तकात लाल शेरा. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत माझी.

मी म्हटलं, "साहेब, एकोणीस वर्षांत कोरड्या फडक्याशिवाय काही लावलं नाही." ते म्हणाले, "मग कोणी लावलं? किल्ली तुझ्याकडेच असते."

फाटकावरचा चौकीदार म्हणतो, "काय ताई, नाक कोणाचं आणि कापलं गेलं कोणाचं!" त्याला म्हटलं, जीभ आवर, नाहीतर पुढचा थर तुझा जाईल.

छत्रीवालीकडे गेले. लाज गिळून गेले. म्हटलं, बाई, तुम्हीच सांगता ना बोटांनी झालं म्हणून, मग सांगा की साहेबांना. तर म्हणते, "मावशी, ते लोकांना सांगायचं असतं. अहवालात पुरावा लागतो." वा! म्हणजे लोकांना काहीही पाजलं तरी चालतं.

बुधवार, १८ सप्टेंबर

मोरीत गुडघ्यावर बसून फरशा घासल्या. मुलींचे केस. केसच केस.

घरी आले आणि आईपुढे सगळं ओकले. नोटीस, किल्ल्या, चौकीदार. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तो कान मी घासलाय."

मला आधी कळलंच नाही.

नोकरीतला पहिला महिना, म्हणाली. तात्पुरती होती. दुसऱ्या दिवशी कोणी मोठे पाहुणे यायचे होते, सगळं लख्ख हवं होतं. पुतळा बघितला — काळाकुट्ट. वाटलं, काजळी बसलीय वर्षानुवर्षांची, कोणी हात फिरवला नाही. "एवढ्या मोठ्या माणसाचं तोंड असं ठेवतात का गं? मला काय माहीत त्याचा रंगच तसा!" विटकरीची पूड घेतली, ओला काथ्या घेतला. नाक घासलं, पिवळं निघालं. म्हटलं, आतून सोनंच आहे की. उत्साहात कानामागे गेली. तेवढ्यात हेडक्लार्क आला आणि ओरडला.

"मग?"

"मग काय. तोंडातून निघून गेलं — मी नाही साहेब, पोरं परीक्षेला जाताना नाकाला हात लावतात."

त्यानं मानलं! त्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. पुढे कुठल्याशा पुस्तिकेत छापलं. ते वाचून पोरं खरंच हात लावायला लागली. पन्नास वर्षं होत आली!

म्हणजे चार दिवस मी ज्या थापेला हसतेय, तिची आई माझीच आई.

भिंतीवर तिच्या निवृत्तीचं सर्टिफिकेट आहे, काचेत. "तीस वर्षांची निष्कलंक सेवा." लहानपणापासून ऐकतेय — माझ्या नोकरीत एक डाग नाही, तुझ्या कामात बघ किती. मी त्या काचेकडे बघितलं. तिनंही बघितलं.

गुरुवार, १९ सप्टेंबर

खुलासा लिहायला बसले. "मी घासलं नाही" — एवढंच लिहून थांबले. पुढं "आईनं घासलं" लिहायचं. हात चालेना. खोट्याचा मला राग आहे, पण खरं लिहायचं तर त्या काचेवर दगड.

आई म्हणाली, "लिही माझं नाव."

"नाही लिहीत."

"मग मोऱ्या घास जन्मभर. डोकं तुझ्या बापावर गेलंय."

शुक्रवार, २० सप्टेंबर

आई म्हणते, उद्या मला वॉकला यायचंय. पाहुण्यांसारखं, समोरच्या दारानं.

शनिवार, २१ सप्टेंबर

चौकीदारानं दवाखान्यातली चाकांची खुर्ची आणली. बोलतो वाकडं, पण आणली. आईनं चांगलं लुगडं नेसलेलं. तीस वर्षं ती बाजूच्या लहान दारानंच आत जायची. आज मोठ्या दारातून. उंबऱ्यावर चाक अडकलं तर चार पाहुण्यांनी उचलली तिला, वरातीसारखी.

साहेब आज स्वतः होते, कोणी देणगीदार आलेला म्हणून. डॉक्टरही होता, भिंगासकट. मी मागेच. किल्ल्या माझ्याकडे नव्हत्या, तरी सवयीनं डोकी मोजली. एकोणीस. आईला धरून वीस.

छत्रीवाली पुतळ्यापाशी थांबली. शंभर वर्षं, लाखो बोटं, सगळं म्हणून झालं. डॉक्टरचं ऐकूनही! रांग लागायला लागली. आईनं हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"पोरी, एक विचारू? कानामागं कोण हात लावतं गं?"

छत्रीवाली हसली. मग कानामागे बघितलं. मग हसायची थांबली.

"मी सांगते," आई म्हणाली. आणि सांगितलं. पूड, काथ्या, हेडक्लार्क, थाप. सगळं मोठ्यानं. शेवटी साहेबांकडे बघून म्हणाली, "पोरीनं माझ्या कोरडंच फडकं मारलं. ती भांडखोर आहे, पण कामात चोख आहे. शिक्षा असेल ती मला करा. मोऱ्या नका देऊ फक्त, गुडघे वाकत नाहीत."

आणि लोकांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या! म्हातारी पन्नास वर्षांची चूक कबूल करतेय, आणि ह्यांच्या टाळ्या. फोटो. एक बाई तिच्या गळ्यात पडली, ओळख ना पाळख. देणगीदार "वंडरफुल" म्हणाला. साहेबांनाही मग हसावंच लागलं.

घरी येऊन आईनं सर्टिफिकेट उतरवायला लावलं. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, "उतरव. खिळा राहू दे, कॅलेंडर लाव."

सोमवार, २३ सप्टेंबर

नोटीस मागे. किल्ल्या परत. मोजून घेतल्या. एकतीस.

शनिवार, २८ सप्टेंबर

छत्रीवालीची नवी गोष्ट! नाकापाशी थांबून, पाणावलेल्या डोळ्यांनी — "एका साध्या स्त्रीनं, निरागस प्रेमानं, आपल्या हातांनी संस्थापकांचा चेहरा उजळवला..."

प्रेमानं कसलं! नोकरी जाईल म्हणून जीव मुठीत धरून घासत होती ती. खरं सांगितलं तरी ह्या बाईच्या तोंडात गेल्यावर त्याला साखर लागतेच.

मध्येच वळून म्हणाली, "मावशी, आजींना नमस्कार सांगा." ह्या वेळी माझ्याकडे बघून म्हणाली, एवढं मात्र लिहिलं पाहिजे.

शनिवार, १२ ऑक्टोबर

डॉक्टरनं काम संपवलं. नाक गेलं. म्हणजे आहे जागेवर, पण काळं, बाकी तोंडासारखं. कानही. औषध लावून, तापवून, मेण चोळून सगळं एकसारखं केलं. कुठं घासलं होतं ते आता मलाही सापडत नाही. पुढे जाड दोरी बांधली, हात लावू नये म्हणून पाटी. दोन पोरी परीक्षेला निघालेल्या, दोरीपाशी येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. एकीनं हवेतच बोट लावलं आणि पळाली.

छत्रीवाली म्हणे, "मूळ रूप परत मिळालं." टाळ्या.

सोमवार, १४ ऑक्टोबर

आई आता उठत नाही. गुडघ्यांचं निमित्त, पण तेवढंच नाही, मला कळतं. शेक देत होते, तर म्हणाली, "नाक चमकतं का गं अजून?"

मी म्हटलं, एवढी शोभा झाली तरी नाकाचंच पडलंय तुला?

म्हणाली, "तीस वर्षं पुसलं गं मी तिथं. पुसलेलं कोणाला दिसतं? न पुसलेलं दिसतं. तेवढं नाकच काय ते माझं दिसतं."

मी फडकं पिळत होते. पिळतच राहिले.

"चमकतं की," म्हटलं. "कानही चमकतो."

ती झोपली मग, शांत.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

सकाळी पावणेसात. हॉल उघडला, आतून कडी लावली. दोरी ओलांडली. विटकरीची पूड, ओला काथ्या. आधी नाक. मग डावा कान, मागून.

आईशी मी कधी खोटं बोललेले नाही.