गाणं पायजे, मी नको

८ एप्रिल, खामगाव
आईचा फोन. वैशूचं लग्न २६ले, अमडापूरलेच, दारात मांडव. पोरगा उंद्रीचा. सख्ख्या बहिणीचं लग्न ठरून महिना झाला अन् मले आज सांगून राह्यली! वरून म्हणे, नवरदेवाचा कान तुलेच पिळा लागते, तू एकटाच भाऊ. पण केस काप. नाकातली चमकी काढ. काजळ-टिकली काही नको. "एका दिवसाचा तर प्रश्न हाये, सोनू."
माहं सारं लहानपण त्याच एका दिवसात गेलं, आई.

११ एप्रिल
चिखलीत हळदीचा प्रोग्राम. माह्या अंगावर धोतर, कुर्ता, हातभर बांगड्या. बाया मस्त नाचल्या. माहं यूट्यूबवरचं हळदीचं गाणं तिनदा म्हणा लागलं. मंग जेवताना त्याच घरचा एक जण, तू नेमका बाई का माणूस? म्हटलं, अगोदर भात वाढा. भात खाल्ला, सांगतलं नाही.
या डायरीत कधी गेलो लिहितो, कधी गेली. ज्या दिवशी जे वाटते ते. कोणाच्या बापाचं काय जाते?

१४ एप्रिल
काका रूमवर आले. चहा घेतला नाही. असाच येत असशीन तर येऊ नको, म्हणे, कान मंग्या पिळीन. मंग्या म्हणजे त्याईचाच पोरगा. वैशू कोणत्या कॉलेजात होती हेबी त्याले सांगता येणार नाही. तो भाऊ!
दारातून वापस फिरले. म्हणे, तुहं ते हळदीचं गाणं पेनड्राइव्हमधी दे, डीजेवाल्याले साफ आवाज पायजे.
मी म्हटलं, "गाणं पायजे, मी नको?"
"गाण्याले कोण पाह्यते बे? ऐकाचं रायते."
पेनड्राइव्ह दिला नाही. रात्रभर अंगाची आग. गावागावात माह्या गाण्यावर नवऱ्या नाचून राह्यल्या अन् माह्या घरच्याईले माही लाज!

२० एप्रिल
वैशूचा फोन. वाटलं ही तरी...
म्हणे, शर्ट-पँट घालून ये ना, माह्या सासरचे काय म्हणतीन.
तूबी? माह्या डोळ्यात पहिलं काजळ हिनंच घातलं होतं, आरशापुढं, दार लावून. तवा म्हणे, तुले माह्यापेक्षा छान दिसते. आता सासर आठवलं. फोन कापला. काका बोलले त्याचं काही नाही, पण हिचं लागलं. लय लागलं.

२५ एप्रिल
काकाचं स्टेटस पाहून घ्या! डोक्यावर टॉवेल, तोंडात रुमाल, माह्याच गाण्यावर नाचून राह्यले. यूट्यूबवरून घेतलं असन. मागं वैशू पिवळीधम्मक, पाटावर बसलेली. मान खाली. नवरी हाये, लाजत असन, म्हटलं. मले काय.
संध्याकाळी तिचा मेसेज. "मंग्याले मी नाही म्हटलं. तू नाही आला तर कान कोणीच पिळणार नाही. कशीबी ये. मी चुकली. काका भांडून राह्यले. बाबा कोणाचीच बाजू घेत नाहीत."
राग गेला नाही अजून. काऊन जावं? एवढा अपमान झाल्यावर?

२६ एप्रिल, दुपार
अमडापूर. मांडवापाशी गाडीत बसून मोबाईलवर लिहून राह्यली. केस मोकळे, चमकी, मोठी टिकली, अन् वर फेटा, भावाचा, माह्या हातानं बांधलेला. ज्याले जे पाहाचं ते पाहो.
मंगलाष्टकं झाली. भटजी माईकवर पुकारून राह्यले, नवरीचा भाऊ कोण, पुढं या. काका मंग्याले ढकलून राह्यले. वैशूनं नवरदेवाच्या कानावर स्वतःचा हात ठेवला, कोणाले जवळ येऊ देत नाही. लोकं हसून राह्यले.
बाबा मांडवाच्या दारात उभे. त्याईनं मले पाह्यलं. ये म्हणत नाहीत, जा म्हणत नाहीत. दारातून हालतबी नाहीत.
उतरते.