ढि. सां.

१२ तारीख, गुरुवार, दुपार

चि. बॅटरीवालीस बाबाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमीच. स्वयंपाकघरातला नळ मी स्वतः बदलला. आता गळत नाही, फक्त उलटा फिरतो. तुझी खोली आहे तशी आहे, पण टेबलावर एक कॉम्प्युटर आलाय. तो कशाला, ते पुढे सांगतो.

पत्र लिहितोय कारण फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. एकतीस वर्षं खांबावर चढून लोकांचे फोन दुरुस्त केले आणि स्वतःच्या मुलीला दोन वर्षांत एकदाही फोन केला नाही, हे खात्यातल्या जुन्या मित्रांना सांगायची सोय नाही.

तू गेमच्या कंपनीत लागलीस तेव्हा मी म्हणालो होतो, "बाहुल्यांना कपडे घालायचे आणि त्याला नोकरी म्हणायचं." तू अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेलीस. पुढे महिनाभराने वाटलं, बघावं तरी कोणत्या बाहुल्या आहेत. फक्त बघायचं होतं. आता हसू नकोस. गेली पावणेदोन वर्षं मी तुमचा तो किल्ल्याचा गेम रोज चार ते सहा खेळतो.

माझं काम दारात ढाल धरून उभं राहायचं. जागचं न हलणं याला जन्मजात जमतं, असं आई म्हणते. माझ्या मागे दोघं असतात. एक दंतवैद्य, त्याचं गेममधलं नाव कवळी. पेशंट भूल चढायची वाट बघत बसलेला असतो तेव्हा हा आमच्याबरोबर लढत असतो. दुसरी एक नर्सबाई, ती सलाईन. ड्यूटी संपवून येते आणि आमच्या जखमा बांधते, म्हणजे पुन्हा तेच काम. एकमेकांची तोंडं आम्ही पाहिलेली नाहीत, पण चारला कोणी आलं नाही की जीव खालीवर होतो.

तर गेम अडकायचा. कधीतरी नव्हे, ऐन मोक्याला. शत्रू दारात, ढाल वर, आणि सगळं चित्र सात सेकंद थिजायचं. सुटेपर्यंत आम्ही तिघं आडवे. सलाईन नऊ आठवडे त्या आतल्या दरवाजासाठी झटत होती. दरवाजा उघडता उघडता गेम अडकला आणि आम्ही पुन्हा पायथ्याशी. ती नुसतं "उद्या" लिहून गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चित्र सुटलं की कोण शिल्लक आहे ते कळावं म्हणून मी आपली जुनी पद्धत लावून दिली. लाईन जोडली की पलीकडच्या माणसाने "आहे" म्हणायचं, तसं. आता चित्र हललं की कवळी लिहितो "आहे", सलाईन लिहिते "आहे", मग मी.

आणि मी वही सुरू केली. किती वाजता अडकला, कुठे, किती सेकंद, तेव्हा काय चाललं होतं. लोक म्हणत होते गर्दी फार आहे म्हणून होतं. मला पटेना, कारण रिकाम्या किल्ल्यातही अडकायचा. त्रेसष्ट नोंदी झाल्यावर दिसलं की बरोबर दर दहा मिनिटांनी अडकतोय, आणि त्याच क्षणाला चौकातल्या दुकानाच्या काचेतले झगमगीत झगे बदलतात. दुकानाला नवा माल मांडायचा म्हणून सगळ्या किल्ल्याने श्वास रोखायचा. दुकान मात्र एकदाही अडकलेलं मी पाहिलं नाही.

दर आठवड्याला मी तक्रार पाठवली, सोबत वहीतली टिपणं. दर वेळी उत्तर आलं, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." आणि त्याच दिवशी एक नवा पंखवाला झगा विकायला यायचा.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. आता जे लिहायचं आहे ते लिहायला मी मध्ये उठून दोनदा पाणी पिऊन आलो.

मार्चमध्ये मी तुमच्या खेळाडूंच्या फळ्यावर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "आत बसून हे काम करतात त्यांना घरून काही वळणच नसावं." सहाशे लोकांना ते आवडलं. मीही संध्याकाळभर ताठ मानेने फिरलो. साहेब लोकांना बोललो असं मला वाटत होतं. आत माझीच मुलगी बसली आहे, हे मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. माहीत होतं. जीभ सुटली की माझं काय होतं, ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?

तू वाचलंस तरी कोणी लिहिलंय ते तुला कळणार नाही, अशी माझी समजूत होती. फळ्यावर, आणि तक्रारींवरही, माझं नाव खांब आहे.

गेल्या रविवारी तुझा फोन झाल्यावर आईने ओटा पुसायला घेतला. मग म्हणाली, "पोरीला विभागाच्या प्रमुखपदावरून काढलं." मी विचारलं, "काय केलं तिने?" तर म्हणाली, "सही केली नाही." झग्यांचा नवा माल बाहेर काढायला तुझी सही लागत होती. तू म्हणालीस, आधी अडकणं थांबवा, लढाई चालू असताना दुकानाची काच हलवू नका. वरचे साहेब म्हणाले, अडकतं म्हणून कोणी सोडून जात नाही, झगे मात्र विकले जातात. तू एका खेळाडूची त्रेसष्ट टिपणं टेबलावर ठेवलीस आणि पेन खिशात घातलंस. चौथ्या दिवशी त्यांनी काच थांबवली, आणि तुलाही.

"कोण खेळाडू?" मी विचारलं. आई म्हणाली, "मला काय विचारता?" तिला सगळं माहीत होतं असा मला दाट संशय आहे.

सोमवारी फळ्यावर कंपनीची सूचना आली. कंपनीच्या भाषेत आठ ओळी, आणि शेवटी एक ओळ, "दुकानापाशी ढि. सां. होता, काढला." कवळीने विचारलं, हे ढि. सां. काय असतं? सलाईन म्हणाली, छपाईची चूक असेल.

मी माझ्या जुन्या तक्रारी उघडून बघितल्या. प्रत्येक तक्रारीत मी सवयीने तेच लिहीत होतो, ढि. सां. मला वाटायचं तो खात्याचा शब्द आहे. पण खात्यात कोणी तसं लिहीत नव्हतं. तू आठ वर्षांची होतीस. सुट्टीत माझ्याबरोबर यायचीस, खड्ड्यात बॅटरी धरायचीस आणि वहीत नोंद करायचीस. "ढिला सांधा" पुन्हा पुन्हा लिहून कंटाळलीस आणि म्हणालीस, "बाबा, आजपासून ढि. सां." हे दोन शब्द जगात दोघांनाच माहीत आहेत, आणि त्यातला एक मूर्ख ते विसरला.

म्हणजे सूचनेतली ती शेवटची ओळ तुझी होती, आणि पहिल्या तक्रारीपासून तुला कळलं होतं. मार्चचं ते वाक्य वाचतानाही तुला माहीत होतं की घरचं वळण कोण काढतंय. तरी तू त्याच माणसाची टिपणं जपून ठेवलीस आणि त्यांच्यापायी खुर्ची घालवलीस.

ते वाक्य मी काल फळ्यावरून काढलं. त्या जागी लिहिलं, "ज्या बाईने सही केली नाही तिच्या घरचं वळण मला माहीत आहे, आणि ती घरच्यांपेक्षा सरस निघाली." हे सहाशे लोकांना नाही आवडलं, अकरांना आवडलं. अकरावी तुझी आई. तिने त्यासाठी खातं उघडलं.

मंगळवारी आम्ही आतला दरवाजा उघडला. गेम एकदाही अडकला नाही. सलाईन कितीतरी वेळ नुसती दरवाजापलीकडच्या अंगणात फिरत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं की हे माझ्या मुलीचं काम आहे. मग सांगितलंच. कवळीचा पेशंट म्हणे तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

बाहुल्यांचं बोललो ते चुकलं. माझ्या सगळ्या नोकरीत साहेबासमोर पेन खिशात घालायची हिंमत मला दोनदा झाली, आणि दोन्ही वेळा हात थरथरत होते. तुझे थरथरले का, ते मला ऐकायचंय. मला तुझा फार अभिमान वाटतो. हे वाक्य मी खोडून परत लिहिलेलं नाही, पहिल्या फटक्यात लिहिलंय.

आपली तार तुटलेली नाही, एवढं जुन्या सवयीने कळतं. सांधा ढिला आहे, आणि तो माझ्या टोकाला आहे.

खाली सही नाही ती विसरलो म्हणून नाही. लाईनवर बोलणं झाल्याशिवाय काम पूर्ण म्हणून सही करायची नाही, हे तुला मीच शिकवलं. रविवारी फोन आईच्या आधी मी उचलीन. पुढचं सुचलं नाही तरी "आहे" एवढं नक्की म्हणेन.

तुझा बाबा
(सही रविवारी)