बटणचे दहा, माझे दोन

४ ऑक्टोबर, बुधवार
आजपासून सिनेमे एकटीने पाहायचे आणि त्यावर इथे लिहायचं. थोडक्यात आणि निःपक्षपातीपणे. बटणशी बोलणं बंद आहे. तिनेच बंद केलं. मी फक्त फोन करत नाही.

काय झालं ते एकदाच लिहून टाकते. मी आणि बटण कॉन्व्हेंटच्या चौथीपासूनच्या. तेव्हाही ती अशीच गोल आणि चकचकीत होती, म्हणून बटण. दर बुधवारी आम्ही दुपारचा शो पाहतो. सिनेमा संपला की थिएटरच्या पायऱ्यांवर बसून तिकिटामागे दहापैकी मार्क लिहायचे, एकमेकींना न दाखवता, आणि मग एकदम उलटायचे. एका मार्काचा फरक चालतो. दोनाचा झाला तर घरी पोचेपर्यंत वाद. त्याहून जास्त कधी झालाच नव्हता. गेल्या बुधवारी तिचे दहा, माझे दोन.

सिनेमात काय, तर एक म्हातारी दोन तास सामान बांधते आणि मुलीकडे राहायला जाते. संपला. मी विचारलं, दहा कशाचे? म्हणाली, तुला कळला नाही. मी म्हटलं, न कळण्यासारखं त्यात आहे काय? बाई सामान बांधते. म्हणाली, तेच तर. आणि मग म्हणे उन्हाळ्यात ती बाथरूममध्ये पडल्यापासून लेकीने धोशा लावलाय, ऑक्टोबरअखेरीला ती कायमची लेकीकडे चाललीय.

वाद हरायला लागली की विषय बदलायचा, ही तिची शाळेपासूनची सवय.

कुठे जात-बित नाही ती. दोन दिवसांच्या सहलीची बॅग भरायला हिला आठवडा लागायचा.

माझी अट साधी आहे. तिने दहाचे सहा करावेत, मी दोनाचे तीन करीन. मग बोलू.

५ ऑक्टोबर
सिनेमा: दीपगृहाचा. नवा. दीपगृहाच्या रखवालदाराची बायको वारते आणि तो दिवा लावायचा विसरतो. फोटोग्राफी उत्तम. समुद्र खूप. माझ्या डाव्या-उजव्या बाजूच्या बायका नाक ओढत होत्या. मला काही वाटलं नाही. मार्क पाच.

एकटीने पाहण्याचा फायदा म्हणजे लक्ष विचलित होत नाही.

ह्यांनी विचारलं, मार्कांवरून कोणी मैत्री तोडतं का? मी म्हटलं, तुम्ही तुमचं शब्दकोडं सोडवा.

९ ऑक्टोबर, दुपार
सिनेमा: दोन बहिणी आणि एक कोट. जुना, ब्लॅक अँड व्हाइट. मुलाने कॉम्प्युटरवर लावून दिला. हा आम्ही शिवणाच्या तासाला दांडी मारून पाहिला होता, युनिफॉर्मवर. धाकटी बहीण कोट परत करते तिथे आम्ही इतक्या रडलो की डोअरकीपर पाणी घेऊन आला आणि विचारायला लागला, पोरींनो, घरी सगळं ठीक आहे ना? बटणने माझ्या टायला नाक पुसलं होतं. दुसऱ्या दिवशी असेंब्लीत सिस्टरने टायवरचा डाग पाहिला. मी सांगितलं, शाई. पांढरी शाई कुठे मिळते, असं सिस्टरने विचारलं नाही, ही तिची मेहेरबानी.

आज कोट परत केला तेव्हा काही वाटलं नाही. प्रिंट खराब असावी. पाच.

११ ऑक्टोबर, बुधवार
सिनेमा: भुताचा. मुद्दाम दुपारी तीनचाच शो घेतला. बुधवार काही बटणच्या मालकीचा नाही. भूत माळ्यावरून खाली येतं. अख्खं थिएटर किंचाळलं. मी त्या वेळी माळ्यावरच्या ट्रंका पाहत होते. नीट रचल्या नव्हत्या. पाच.

येताना बटणच्या घरावरून आले. रस्ता तोच सोयीचा पडतो. म्हणजे लांबचा आहे, पण सावली आहे. खिडक्यांचे पडदे काढलेले दिसले. धुवायला टाकले असणार.

१४ ऑक्टोबर
सिनेमा: विनोदी. जुळे भाऊ, एकाच बाईच्या मागे दोन न्हावी, वगैरे. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मी दोनदा घड्याळ पाहिलं. पाच.

सगळ्यांनाच पाच पडताहेत. माझ्या मार्कांवर कोणाला शंका नको, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे, त्रास काय होतो? मी म्हटलं, सिनेमे सारखेच दिसतात. त्यांनी विचारलं, कोणाबरोबर पाहता? डोळ्यांच्या डॉक्टरने डोळ्यांपुरतं बोलावं.

म्हणजे दोष दिग्दर्शकांचाच.

१८ ऑक्टोबर, बुधवार
सिनेमा पाहिला नाही. तिकीट काढलं होतं. पायऱ्यांवर जरा टेकले आणि तिथेच राहिले. आतून पार्श्वसंगीत ऐकू येत होतं. बरं होतं. पाच.

हे हल्ली संध्याकाळी लांब फिरायला जातात. तब्येतीसाठी चांगलंच आहे. आज परत आले तेव्हा कोपराला खाकी चिकटपट्टीचा तुकडा लागलेला होता. मी विचारलं, हे काय? म्हणाले, बागेत बाकाला लागली होती. पालिकेने लक्ष द्यायला हवं.

रात्री जेवताना म्हणाले, एक फोन कर तिला. मी विचारलं, मी का करू? म्हणाले, बरं, मग मी लावून देतो, तू नुसतं हॅलो म्हण. खबरदार, म्हटलं. हे म्हणाले, तुम्ही दोघी चौथीतून पाचवीत कधी जाणार?

२२ ऑक्टोबर
निर्णय: न्यायाच्या दृष्टीने तो वादाचा सिनेमा पुन्हा पाहणार. एकदाच पाहून मार्क देणं बरोबर नाही, एवढंच. ह्याचा अर्थ माघार असा होत नाही.

२५ ऑक्टोबर, बुधवार
सिनेमा: सामानाचा. दुसऱ्यांदा.

मागच्या वेळी सुटलेल्या गोष्टी. म्हातारी प्रत्येक कप कागदात गुंडाळताना आधी दोन्ही हातांत धरते. आरसा भिंतीवरून काढते आणि मागे रंगाचा चौकोन राहतो, भिंतीपेक्षा ताजा. तिला जायचं नाहीये. हे ती कोणालाच सांगत नाही, कारण विचारायला कोणी येत नाही.

तिची एक मैत्रीण आहे समोरच्या घरात. मागच्या वेळी ही लक्षातच राहिली नव्हती. ती शेवटपर्यंत खिडकीत उभी राहते, खाली येत नाही. हे पात्र अगदीच ओढूनताणून. असं हेकट कोणी असतं का? प्रेक्षक विश्वास ठेवणार नाहीत.

सात. मैत्रीण चांगली लिहिली असती तर आठ दिले असते.

माझे सात झाले म्हणजे बटणला दहावरून खाली यायला नको. तिचे दहा राहू देत. रविवारी सवडीने जाऊन सांगेन. आज गेलं तर घाई दिसेल.

२९ ऑक्टोबर, रविवार
गेले. दारातच टेम्पो उभा होता. बटणचं कपाट जिन्यातून उतरत होतं. पुढच्या बाजूला हमाल, मागच्या बाजूला हे. मी म्हटलं, बागेत जाताय म्हणालात? हे म्हणाले, बाजूला हो, पायावर येईल.

बटण रिकाम्या हॉलमध्ये एका खोक्यावर बसली होती. बारीक झालीय. म्हणाली, आलीस होय? मला वाटलं आता येत नाहीस. मी ठरवलेलं वाक्य म्हटलं. मी सात दिले. तिने विचारलं, कशाला? त्या सिनेमाला, सामानाच्या बाईच्या. तिने बराच विचार केला. मग म्हणाली, कुठला गं? महिनाभर माझं डोकं नुसतं खोक्यांत आहे.

मी म्हटलं, जाऊ दे.

लेकीने खालून हाक मारली, आई, चल, उशीर होतोय. मावशी, तुम्ही पण या ना कधी. बटणने मला मिठी मारली. तिच्या केसांना वर्तमानपत्राचा वास येत होता. मी तिला सांगितलं, तिथे बाथरूममध्ये चप्पल घालून जा. एवढंच सुचलं.

गाडी वळली. काही वाटलं नाही. रात्री ह्यांनी माझ्यासाठी दूध गरम केलं, तेव्हाही नाही.

१ नोव्हेंबर, बुधवार
सिनेमा नाही.

८ नोव्हेंबर, बुधवार
बटणचा फोन. आवाज खणखणीत. काल लेकीने तिला सिनेमाला नेलं. दोन म्हाताऱ्या बोट चोरतात, असं काहीतरी. तिथल्या खुर्च्या मागे रेलतात म्हणे, पाय वर येतात. तिने आठ दिले. लेकीला मार्क विचारले तर ती म्हणाली, आई, ठीक होता. मग बटण म्हणाली, तू बघ ना गं. आणि आकडा सांग.

मी म्हटलं, बघते की. येत्या बुधवारी.

१० नोव्हेंबर
थिएटरवर जाऊन आले. बुकिंगवाला म्हणाला, तो आपल्याकडे लागणार नाही. मी विचारलं, पुढच्या महिन्यात? नाही बाई, तो मोठ्या शहरांतच. मुलाला फोन केला. कॉम्प्युटरवरही नाही, इतक्यात येणारही नाही. ह्यांनी म्हटलं, मग सांग तिला तसं. मी म्हटलं, सांगेन.

१५ नोव्हेंबर, बुधवार
बरोबर सिनेमा सुटायच्या वेळेला बटणचा फोन आला. पाहिलास?

पाहिला, म्हटलं.

किती?

नऊ.

ती ओरडलीच. नऊ! तू! आणि मग बोटीवरच्या प्रसंगाबद्दल खूप वेळ बोलत राहिली. मी हो हो म्हणत होते. बाजूला हे कोड्यातली पेन्सिल खाली ठेवून ऐकत बसले होते.

शेवटी तिने विचारलं, आणि शेवट? शेवट कळला ना तुला?

मी म्हटलं, कळला.