आईच्या खोलीची डागडुजी

३ ऑक्टोबर
दादाचा फोन. आई यंदाच्या हिवाळ्यापासून आमच्याकडे राहायला यायचं म्हणतेय. तिनं स्वतःहून माझं नाव घेतलं! डोळे भरून आले. दादाचे अर्थात भरले नव्हते. म्हणाला, मागच्या वेळी तुझ्या जिन्याचा कठडा माझ्या हातात आला होता. आधी घर धड कर. महिनाअखेरीस तिला घेऊन येतो, घर बघतो, मगच ठेवतो. नाहीतर ती माझ्याकडेच राहील.
ठीक आहे. दाखवतोच. थंडीपूर्वीची सगळी डागडुजी स्वतःच्या हातानं करायची. बायको म्हणाली, कारागीर बोलवू या. म्हटलं, आईसाठी भाड्याची माणसं?

८ ऑक्टोबर
छपराच्या पन्हळीत पानं साचलीत. शिडी आखूड निघाली, म्हणून टेबलावर चढवली. बायको टेबल धरून, डोळे मिटून उभी. मूठभर पानं काढली आणि झाडाकडे बघितलं. वर अजून ढीगभर शिल्लक! म्हणजे आता साफ करणं हे डबल काम. सगळी गळू देत, मग एकदम. लोकांना प्लॅनिंग कळत नाही.
उतरताना पडलो. फार नाही.

१५ ऑक्टोबर
आईच्या खोलीत छताला गॅस साचला तर वाजणारा अलार्म आहे. सारखा कुईं कुईं करतो. बायको म्हणाली, सेल संपत आलाय, बदला. आणायला विसरलो. आज पुन्हा विसरलो. शेवटी अलार्मच काढून ड्रॉवरमध्ये टाकला. खोली कशी शांत झाली! आईची झोप सावध, तिला हेच बरं.

२२ ऑक्टोबर
ग्रेट डे. घरात गार वारा येतो कुठून, ते शोधून काढलं. खिडक्यांच्या फटी बुजवल्या. पण खरा चोर आईच्या खोलीत सापडला. गॅस हीटरच्या मागे, भिंतीत, चक्क एक गोल भोक! बायको म्हणाली, अहो, कशासाठी तरी ठेवलं असेल ना. म्हटलं, हो, गवंड्याच्या आळसासाठी.
कपाटाच्या तळाशी एक निळा लोकरीचा स्वेटर पडला होता, लहान मुलाच्या मापाचा. कुणाचा कोण जाणे. भोकात फिट्ट बसला.
कठडा राहिलाय. दादाला जिन्याकडे फिरकू द्यायचं नाही.

२९ ऑक्टोबर, सकाळ
आज येतायत. आईच्या खोलीतला हीटर आत्ताच लावला. दार घट्ट बंद. ऊब कोंडून राहायला हवी.

२९ ऑक्टोबर, दुपार
आई खोलीत शिरताच म्हणाली, किती छान ऊब आहे रे. दादानं चक्क मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा! दोघांचं डोकं जरा दुखतंय म्हणे. प्रवासाचा शीण. आई आडवी झालीय, दादा खुर्चीत पेंगतोय. मलाही समाधानानं अंग जड जड वाटतंय. बायको मात्र अंगणात पानं झाडत बसलीय, तिला या क्षणाचं काही

३० ऑक्टोबर
दवाखाना. बायको वेळेवर आत आली म्हणून वाचलो. तिनं आईला ओढत बाहेर काढलं, मग दादाला, मग मला. हीटरचा विषारी वायू बाहेर जायला तेच भोक होतं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर आई... पुढचं मी लिहिणार नाही.
दादानं माझ्याकडे पाठ फिरवली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ नोव्हेंबर
आई दादाकडे गेली. निघताना भोकातून काढलेला तो काजळलेला स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, हा मी विणला तेव्हा तू धुवायलासुद्धा अंगातून काढायचा नाहीस. एवढी वर्षं जपून ठेवलास रे?
मी हो म्हणालो.
मग सेल आणला. बायकोनं टेबल धरलं, मी अलार्म परत छताला लावला. भोक मोकळं आहे. खोली आता एकदम सेफ.
आत कोणी नाही.